कोठडीत माणूस गेला, आता काय? ताब्याच्या नोंदीपासून हायकोर्टापर्यंत

'माझा कोणावर संशय नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

शवागाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या भावासमोर हा जबाब येतो तेव्हा तो आधीच लिहून तयार असतो. फक्त सही राहिलेली असते. हवालदार वाईट वागत नाही, उलट पाण्याची बाटली पुढे करतो. 'सही करा, म्हणजे बॉडी लवकर मिळेल. गावाला न्यायचीय ना?' एकदा मी त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला होतो. भाऊ चोवीस-पंचवीस वर्षांचा, डेकोरेशनच्या कामावरून तसाच आलेला, बोटांना पांढरा रंग लागलेला. मी पोचेपर्यंत सही झाली होती. पुढची तीन वर्षं कोर्टात समोरची बाजू प्रत्येक वेळी तोच कागद वर काढायची.

म्हणून या लेखातली पहिली सूचना सगळ्यात छोटी आहे. तो जबाब तसा देऊ नका. जबाब द्यायला नकार द्यायचा नाही, कारण तो तुमच्या उपयोगाचा आहे. पण त्यात तुमचं वाक्य गेलं पाहिजे: 'माझा भाऊ अमुक तारखेला अमुक वाजता अमुक पोलिसांनी नेला, तेव्हा तो धडधाकट होता. मृत्यू कसा झाला हे मला माहीत नाही. पोलिसांच्या ताब्यात झाल्यामुळे मला संशय आहे.' एवढंच. लिहिणारा अधिकारी हे घ्यायला तयार नसेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा.

'कोणी मारलं' या प्रश्नाचं उत्तर मिळायला वर्षं जातात, आणि कधी कधी मिळतच नाही. 'तो कोणाच्या ताब्यात होता, किती वाजल्यापासून, आणि तेव्हा त्याची तब्येत कशी होती' या प्रश्नाचं उत्तर पहिल्या चोवीस तासांत पक्कं करता येतं. कायद्यातली पुढची सगळी जबाबदारी या दुसऱ्या उत्तरावर उभी राहते. घरच्यांची ताकद साहजिकच पहिल्या प्रश्नावर खर्च होते. ती दुसऱ्याकडे वळवा.

ताबा कधी सुरू होतो

पोलिसांचं पहिलं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: 'अटक नव्हती, फक्त चौकशीला बोलावलं होतं.' याने गडबडून जाऊ नका. अटक हा कागद आहे आणि ताबा ही वस्तुस्थिती. पोलिसाने दंडाला धरून गाडीत बसवलं, मोबाइल काढून घेतला, 'इथून हलायचं नाही' असं सांगितलं, की माणूस ताब्यात गेला. सुप्रीम कोर्टाने १९८० साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या प्रकरणात कोठडी या शब्दाचा साधा अर्थ सांगितला होता: कायद्याच्या यंत्रणेचा शरीरावर ताबा असणं. स्टेशन डायरीत अटकेची वेळ रात्री ११ लिहिलेली असेल आणि चाळीतल्या चार जणांनी त्याला संध्याकाळी ६ वाजता नेताना पाहिलं असेल, तर मधले पाच तास हाच तुमचा खटला आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-तपासाची प्रक्रिया सांगणारा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. घटना त्याआधीची असेल तर गुन्ह्यांसाठी जुन्या भारतीय दंड संहितेचे आकडे लागतील, आणि कारवाई तेव्हाच सुरू झालेली असेल तर प्रक्रियेसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे. तत्त्वं तीच. नव्या संहितेतली तीन कलमं लक्षात ठेवा. कलम ४३ सांगतं, की अटकेला जबरदस्तीने विरोध होत असेल तर पोलीस आवश्यक ते उपाय वापरू शकतात. पण मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्याला ठार मारण्याचा अधिकार हे कलम देत नाही. कलम ४६ एका ओळीचं आहे: पळून जाऊ नये म्हणून लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. आणि कलम ५६ म्हणतं, की ताब्यातल्या माणसाच्या तब्येतीची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणं हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचं कर्तव्य आहे.

माझ्या मते हे शेवटचं कलम सगळ्यात दुर्लक्षित आहे. हात न लावणारा अधिकारीसुद्धा त्यात सापडतो.

धरून ठेवल्याने माणूस कसा मरतो

मारहाण सगळ्यांना समजते. नुसतं दाबून धरल्याने मृत्यू होतो हे मात्र पटकन पटत नाही, आणि म्हणूनच 'अचानक कोसळला' हे खपून जातं.

माणसाला पालथा पाडला, हात मागे बांधले, पाठीवर कोणी गुडघा टेकवला किंवा दोघं बसले, तर छाती आणि पोट फुगायला जागा राहत नाही. तो धडपडतो, कारण श्वास मिळत नाही. वरच्याला वाटतं की प्रतिकार करतोय, म्हणून तो आणखी दाबतो. धडपडीने शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो कमी. लठ्ठ माणूस, दारू किंवा नशा केलेला, आधीच पळून दमलेला, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण, मानसिक आजाराच्या झटक्यात असलेला, यांना धोका जास्त. मग तो शांत होतो. 'आता शांत झाला' म्हणून सोडला जातो, ते शांत होणंच मरण असतं. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा ९ मिनिटांहून जास्त वेळ होता. रस्त्यावरच्या एका मुलीने मोबाइलवर चित्रण केलं नसतं, तर पोलिसांनी पहिल्या निवेदनात त्याला 'वैद्यकीय त्रास' म्हटलं होतं, तेच राहिलं असतं.

अशा मृत्यूत शवविच्छेदनात फारसं काही सापडत नाही. हाड मोडलेलं नसतं, बाहेर जखम किरकोळ असते. म्हणून साक्षीदारांना 'मारलं का' एवढंच विचारू नका. कोणत्या बाजूवर पाडला होता? पाठीवर, मानेवर कोण होतं? किती वेळ? हात कुठे होते? 'श्वास घेता येत नाही' असं काही बोलला का? गप्प कधी झाला? गप्प झाल्यावर त्याला कुशीवर वळवलं का? पाणी, डॉक्टर, गाडी यातलं पहिलं काय आलं आणि किती मिनिटांनी? ही उत्तरं आठवणीत ताजी असताना, साक्षीदाराच्या स्वतःच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून घ्या. बोलणारा घाबरत असेल तर त्याचा आवाज त्याच्याच मोबाइलवर राहू दे. ते रेकॉर्डिंग गावभर फिरवायचं नाही.

आणि 'त्याला आधीपासून हृदयविकार होता' या उत्तराला कायद्यातच उत्तर आहे. गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० चं पहिलं स्पष्टीकरण वाचा: आजारी किंवा अशक्त माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर घडवून आणला, तरी मृत्यू घडवला असंच धरलं जातं. दुसरं स्पष्टीकरण म्हणतं, योग्य उपचार मिळाले असते तर वाचला असता, ही सबब इजा करणाऱ्याला नाही.

पहिल्या रात्रीचे कागद

फोन येतो तेव्हा 'गेला' असं कोणी सांगत नाही. 'हॉस्पिटलला आहे, लवकर या' असं सांगतात. निघताना दोन माणसं हॉस्पिटलला आणि एक पोलीस ठाण्याला पाठवा. घरातला एक जण घरीच थांबू दे, कारण पोलीस घरीही येतात आणि एकट्या आईची सही घेऊन जातात.

हॉस्पिटलला गेलेल्याने अपघात विभागातला केस पेपर पाहायचा. फोटो काढू देतीलच असं नाही, पण वाचून चार गोष्टी लिहून घ्या: किती वाजता आणला, कोणी आणला, 'दाखल करण्यापूर्वीच मृत' लिहिलंय का, आणि हिस्ट्री कोणी सांगितली. आणणाऱ्या शिपायाचं नाव आणि बक्कल नंबर बहुतेक वेळा तिथे असतो. 'लॉकअपमध्ये चक्कर येऊन पडला' ही कहाणी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आली, हे पुढे कामाला येतं, कारण चार तासांनी तीच कहाणी वेगळी सांगितली जाते.

ठाण्याला गेलेल्याने वाद घालायचा नाही. अर्ज द्यायचा. साध्या कागदावर, दोन प्रती, एकावर आवक शिक्का आणि सही घ्यायची. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना उद्देशून, प्रत पोलीस उपायुक्त आणि पोलीस आयुक्त यांना. मजकूर असा पुरेसा आहे:

'माझा मुलगा ... याला दि. ... रोजी ... वाजता आपल्या ठाण्याच्या पोलिसांनी ताब्यात घेतले. दि. ... रोजी त्याचा मृत्यू झाल्याचे कळविण्यात आले. त्याला ताब्यात घेतल्यापासून मृत्यूपर्यंतच्या काळातील ठाण्यातील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आवाजासह, स्टेशन डायरी, कोठडी नोंदवही, अटक पंचनामा, अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, वाहनाचे लॉगबुक आणि त्या पाळीवरील कर्मचाऱ्यांची ड्युटी यादी जशीच्या तशी जतन करून ठेवावी. यातील काही नष्ट झाल्यास तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा समजण्यात येईल.'

शिक्का देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा. रात्री पोस्ट बंद असेल म्हणून थांबू नका. ईमेलवरची वेळ हाच तुमचा शिक्का.

कॅमेऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी प्रकरणातला निकाल अर्जात जरूर लिहा. ठाण्याचं प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या असं सगळीकडे आवाजासह चित्रण हवं आणि ते शक्यतो १८ महिने, किमान एक वर्ष तरी राहिलं पाहिजे, असा तो आदेश आहे. 'कॅमेरा त्या दिवशी बंद होता' हे उत्तर येईल. तेही लेखी मागा. लेखी 'बंद होता' हा कोर्टात बराच बोलका कागद ठरतो.

ठाण्याबाहेरचं चित्रण मात्र अठरा महिने कोणी ठेवत नाही. समोरचं मेडिकल, कोपऱ्यावरचा ज्वेलर, सोसायटीचं गेट, यांचे डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) काही आठवड्यांत स्वतःच पुसले जातात. दुकानदाराकडे दुसऱ्याच दिवशी जा. मोबाइलने स्क्रीनचं चित्रण करून आणणं अर्धवट काम आहे. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून त्यावर दुकानदाराची सही घ्या. दुकानदार सही करायला घाबरला तर निदान डीव्हीआर कुठला, कॅमेरा नंबर काय, त्याच्या घड्याळात किती मिनिटांचा फरक आहे, हे टिपून ठेवा. मग तपास अधिकाऱ्याला तो जप्त करायला लावता येतो.

मुंबईतली एक अडचण इथेच सांगतो. सगळ्या ठाण्यांना स्वतःची कोठडी नाही. रात्री आरोपी दुसऱ्या ठाण्याच्या लॉकअपमध्ये ठेवतात, सकाळी परत आणतात. म्हणजे दोन ठाणी, एक गाडी, दोन नोंदवह्या. अर्ज दोन्हीकडे द्यायचा. लोकलमध्ये किंवा स्टेशनात पकडलेला असेल तर तो रेल्वे पोलिसांच्या ताब्यात असतो. त्यांचं आयुक्तालय वेगळं आहे. रेल्वे सुरक्षा दल तर केंद्राचं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज फुकट जात नाही, पण चार दिवस जातात.

जुने अकरा नियम आणि एक वैद्यकीय कागद

डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल, १८ डिसेंबर १९९६. या निकालाने अटकेचे अकरा नियम घातले: नावाची पट्टी, साक्षीदाराची सही असलेला अटक पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, अंगावरच्या जखमांची नोंद, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी वगैरे. त्यातले बरेच आता संहितेतच आले आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. एकच कागद मागायचा: अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल. त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. रात्री ९ वाजता डॉक्टरने 'बाह्य जखम नाही' लिहिलं असेल आणि सकाळच्या शवविच्छेदनात चौदा जखमा निघाल्या, तर त्या चौदा जखमा कुठून आल्या हे सांगायची पाळी ताबा असणाऱ्यावर येते. साक्ष अधिनियमाचं कलम १०९ तेच सांगतं. जी गोष्ट खास ज्याला माहीत आहे, ती सिद्ध करायचा भार त्याच्यावर.

रिमांडच्या, म्हणजे कोर्टात हजर करून कोठडी मागितली त्या दिवशीचा कागदही काढा. दंडाधिकारी आरोपीला विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' आणि कोर्टाच्या रोजनाम्यावर 'तक्रार नाही' लिहिलं जातं. तो प्रश्न विचारताना ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच हवालदार हात धरून उभा असतो, हे रोजनाम्यात येत नाही. तेव्हा वकील होता का, किती वेळ बोलू दिलं, हे तपासा.

पंचनामा आणि शवविच्छेदन: इथे घाई नको

मृतदेहाचा मरणोत्तर पंचनामा दंडाधिकाऱ्यासमोर व्हायला हवा. त्या वेळी घरच्यांपैकी कोणी हजर राहण्याची लेखी मागणी करा. मृतदेह पाहताना रडू येणारच, पण दोन जणांपैकी एकाने तरी पाहायचं काम करायचं: तळपाय, पोटऱ्या, नितंब, पाठ, मनगटावरचे वळ, डोळ्यांच्या पापण्यांच्या आत लाल ठिपके, नखं, कपड्यांवरची लघवी किंवा रक्त. पंचनाम्यात नसलेली खूण दिसली तर तिथल्या तिथे सांगायचं आणि लिहायला लावायचं. कपडे वेगळे सीलबंद झाले का, ते विचारा. बऱ्याचदा कपडे 'हरवतात'.

शवविच्छेदन एकट्या डॉक्टरकडे नको, डॉक्टरांच्या मंडळाकडे हवं आणि चित्रीकरणासह हवं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नव्वदच्या दशकातच राज्यांना चित्रीकरण करायला सांगितलं आणि कोठडी मृत्यूंसाठी शवविच्छेदनाचा खास नमुनाही दिला. मुंबईत अशी प्रकरणं बहुतेक वेळा जे. जे. ला जातात. मृत्यू उपनगरातल्या हॉस्पिटलात झाला असेल आणि तिथेच उरकायची तयारी दिसली, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मंडळ आणि जागा दोन्ही मागा.

डॉक्टरांसाठी एक छोटं पत्र द्या, विनंतीच्या भाषेत. ते ऐकतात, निदान लेखी विनंती झुगारायला कचरतात. त्यात तीन गोष्टी मागा: पाठ, नितंब, मांड्यांमागचा भाग आणि तळपाय त्वचेखाली चिरून पाहावे, कारण पट्ट्याचा मार वरून दिसत नाही. मान शेवटी, डोकं आणि छाती मोकळी झाल्यावर थरांथरांनी पाहावी. हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला पाठवावे. पत्रात हेही लिहा की त्याला पालथा दाबून धरल्याचं साक्षीदार सांगतात. डॉक्टरांपर्यंत ही माहिती पोलिसांच्या फॉर्ममधून कधीच जात नाही, आणि ज्याची शंकाच नाही ते ते शोधणार कसे?

व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला महिने लागतात. तोवर मृत्यूचं कारण 'राखून ठेवलं' असं लिहिलं जाईल. ते चालतं. 'नैसर्गिक' लिहिलेलं चालत नाही.

मृतदेह ताब्यात न घेण्याबद्दल लोक विचारतात. आपल्याकडे ते दबावाचं जुनं हत्यार आहे. एक-दोन दिवस उपयोग होतो, अर्ज पटापट घेतले जातात. त्यानंतर शरीर खराब होतं आणि पुरावाही. दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करायची असेल तर ताबडतोब कोर्टात जा, आणि तोवर अंत्यसंस्कार थांबवा. मागणी नसेल तर पहिल्या शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची आणि अहवालाची प्रत मागणारा अर्ज देऊन माणसाला घरी न्या. याबाबतीत कोणी बाहेरचा पुढारी घरच्यांच्या वतीने ठरवत असेल तर मला ते आवडत नाही.

दंडाधिकाऱ्यांची चौकशी

पोलिसांच्या तपासाशिवाय वेगळी न्यायालयीन चौकशी बंधनकारक आहे. जुन्या संहितेत ही तरतूद २००६ पासून कलम १७६ (१अ) मध्ये होती, आता ती कलम १९६ मध्ये आहे. याच कलमाप्रमाणे शक्य असेल तिथे आईवडील, मुलं, भावंडं, पती किंवा पत्नी यांना चौकशीची खबर द्यायची आणि हजर राहू द्यायचं. खबर येत नाही. आपणच शोधायचं: ठाणं ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथे, म्हणजे किल्ला कोर्ट, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, जे असेल तिथे, पहिल्या आठवड्यात 'आम्हाला चौकशीत हजर राहायचं आहे, आमचे जबाब आणि साक्षीदार घ्यावेत' असा अर्ज दाखल करायचा. चौकशीत कोठडीतल्या इतर आरोपींना बोलवायला सांगा. रात्री त्याच लॉकअपमध्ये असलेली माणसं हेच खरे साक्षीदार असतात. त्यांची नावं कोठडी नोंदवहीत असतात, आणि म्हणूनच ती वही आपण पहिल्या रात्रीच मागितली.

अहवाल आला म्हणजे गुन्हा आपोआप दाखल होतो असं नाही, आणि पुढे काय करायचं याबद्दल कलम गप्प आहे. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीचा सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्ह्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाला आदेश द्यावा लागला. परभणीच्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा डिसेंबर २०२४ मधला मृत्यूही तसाच. औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. तेव्हा अहवालाची वाट पाहत फिर्याद लांबवू नका.

फिर्याद, कलमं आणि मंजुरीचा अडसर

सुरुवातीला फक्त आकस्मिक मृत्यूची नोंद होते, तिला सगळे 'एडीआर' म्हणतात. ती फिर्याद नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवायलाच हवा, हे ललिता कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. ठाण्याने नकार दिला तर उपायुक्तांकडे लेखी, मग दंडाधिकाऱ्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली. सरकारी नोकराविरुद्धच्या अर्जात दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या नोकराचं म्हणणं मागवू शकतो. त्याने वेळ जातो, वकिलाने तयारी तशी ठेवावी. ज्या ठाण्यावर आरोप आहे त्याच ठाण्याने तपास करू नये. मुंबईत बहुतेक वेळा गुन्हे शाखा, राज्यात इतरत्र सीआयडी तपास करते. तोही विश्वासार्ह वाटला नाही तर हायकोर्ट. २०१४ मधलं वडाळा रेल्वे पोलिसांचं कोठडी मृत्यूचं प्रकरण हायकोर्टानेच सीबीआयकडे दिलं.

भारतीय न्याय संहितेची कलमं साधारण अशी बघायची. ठार मारायचा हेतू किंवा मरणास पुरेशी इजा असेल तर १०३, खून. मरण येऊ शकतं हे माहीत असून दाबून ठेवलं तर १०५, सदोष मनुष्यवध, जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. निव्वळ हयगय असेल तर १०६, पाच वर्षांपर्यंत. कबुलीसाठी किंवा माहितीसाठी मारलं तर १२०, साध्या दुखापतीला सात आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत. बेकायदा अडकवून ठेवणं १२७, पुरावा नाहीसा करणं २३८, खोटी सरकारी नोंद २५६. एकाने दाबलं, दुसऱ्याने पाय धरले, तिसरा दारात उभा राहिला, तर कलम ३ (५), समान इरादा. आरोपीचे वकील कलम १०१ चा तिसरा अपवाद पुढे करतील: सरकारी नोकराने सद्भावनेने, आकस न ठेवता अधिकार ओलांडला, तर खून नाही. म्हणूनच 'किती वेळ दाबलं' आणि 'गप्प झाल्यावर काय केलं' हे प्रश्न वर इतके घोळून सांगितले. पाच मिनिटं हालचाल नसलेल्या माणसावर बसून राहण्यात सद्भावना दाखवणं अवघड असतं.

कोठडीत मृत्यू झाला की खुनाचं कलम लागेलच, असं घरच्यांना कोणी सांगू नये. नागपूरचं एक प्रकरण आहे. १९९३ मध्ये कोठडीत मारहाण आणि मृत्यू. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला सप्टेंबर २०१८ मध्ये. पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली, पण ती कबुलीसाठी दुखापत करण्याच्या जुन्या कलम ३३० खाली. खून सिद्ध झाला नाही. पंचवीस वर्षं. मारहाण आणि मरण यांना जोडणारा वैद्यकीय धागा पहिल्या दिवशी पकडला नाही तर तो नंतर कोणालाच सापडत नाही.

मंजुरीबद्दल दोन गोष्टी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे सरकारी नोकरावर कर्तव्यातल्या कृत्यासाठी खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. दुसरं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती दाखवून घरच्यांना घाबरवलं जातं. कोठडीत मारणं हे कर्तव्याच्या रंगाखाली येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये याच राज्यातल्या आत्माराम खटल्यात म्हटलंय. तरीही सहा महिन्यांच्या आत काहीतरी दाखल करून टाका. वाद जिंकण्यापेक्षा वाद न होणं बरं.

मृत व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लावायला सांगा. मानसिक आजारी व्यक्ती रस्त्यावरून उचलली असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० बघा. तिला लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही, आरोग्य केंद्रात न्यायचं.

कोणकोण

गुडघा टेकवणारा शिपाई सापडतो आणि प्रकरण तिथेच थांबवलं जातं. यादी मोठी करा: ताब्यात घेणारं पथक, कोठडीचा पहारेकरी, त्या पाळीचा ठाणे अंमलदार, तपास अधिकारी, वरिष्ठ निरीक्षक, हॉस्पिटलला उशीर करणारा. प्रत्येकाची जबाबदारी वेगळी आणि कलमंही वेगळी. ड्युटी यादीशिवाय ही नावं मिळत नाहीत. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हेही घरच्यांनी समजून घ्यावं. घाटकोपर स्फोट प्रकरणात पकडलेल्या ख्वाजा युनूसच्या २००३ मधल्या प्रकरणात निलंबित झालेले अधिकारी २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले होते.

भरपाई आणि बाकीची दारं

भरपाई मागणं म्हणजे तडजोड नाही. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून हे पक्कं आहे की ताब्यातल्या मृत्यूसाठी राज्य जबाबदार धरता येतं, सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, आणि फौजदारी खटला चालू असतानाही हायकोर्ट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली भरपाई देऊ शकतं. नीलाबती या मृत मुलाच्या आईला तेव्हा दीड लाख रुपये मिळाले. याचिकेत मृताचं वय, कमाई, घरात खाणारी तोंडं, हे सगळं कागदासह लिहा. पगाराची स्लिप नसेल तर मुकादमाचं पत्र, बँक पासबुक, यूपीआयचे व्यवहार चालतात.

पोलिसांनी कोठडी मृत्यू राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवायचा असतो. ही पद्धत १९९३ पासून आहे. तुम्हीही लिहा, कारण आयोग एक वर्षानंतरची तक्रार घेत नाही. राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग दोन्हीकडे एकदम धावलात तर राष्ट्रीय आयोग बाजूला होतो, तेव्हा एकच निवडा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही मुंबईतच आहे. माहिती अधिकारात जीव किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते. अर्जावर तसं ठळक लिहा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न कितीही असो, मोफत मिळतो. आई फिर्यादी असेल तर अर्ज तिच्या नावाने करा.

तिसऱ्या दिवसानंतर

पाहुणे गेले की फोन सुरू होतात. 'झालं ते झालं, धाकट्याला कुठेतरी लावून देऊ.' 'दहा हजार अंत्यविधीला ठेवा.' 'तुमच्या मुलावर आणखी तीन केस आहेत, त्या उघडायच्या का?' रोख पैसे घेऊ नका, त्याच्या बदल्यात कोरी सही मागितली जाते. फोन आला की तारीख, वेळ, नंबर, काय बोलला, एका वहीत. धमकी असेल तर त्याच दिवशी उपायुक्तांना ईमेल. कोठडीतला जो साक्षीदार बोलायला तयार आहे तो उद्या दुसऱ्या गुन्ह्यात आत जाऊ शकतो. त्याचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली लवकर नोंदवून घ्यायला सांगा.

वही दोनशे पानी, एकच, आणि ती घरातल्या एकाच माणसाकडे. पहिल्या पानावर ताब्यात घेतल्याची वेळ. त्याखाली आवक शिक्का असलेल्या अर्जांचे क्रमांक. पुढे कोर्टाच्या तारखा. मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत, पत्रकाराला नाही, पुढाऱ्याला नाही, आणि माझ्यासारख्यालाही नाही. झेरॉक्स द्या.